टिक-टिक टॅपेटची नव्हती: जुन्या जीपचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गॅस्केट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

आज विषय अगदी छोट्या वस्तूचा आहे. एक पातळ पट्टी. इंजिनाचं हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसणारं गॅस्केट. जुन्या जीपसाठी ते काही फार महाग मिळत नाही. पण ते बदलायला माझी दोन वेळची मजुरी, एक तुटलेला स्टड आणि एक पावसाळी सहल गेली. त्या सहलीत माझ्या मुलीला जो त्रास झाला, त्याच्यासाठी खरं म्हणजे हा भाग करतोय.

गाडी आधी सांगतो. महिंद्राची एमएम ५४०, फोर बाय फोर, कापडी टपाची. वडिलांनी घेतलेली. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्या घराण्यातली ही नंतरची पिढी. त्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, ८३ मिलिमीटरचा स्ट्रोक, २११२ सीसी. टर्बो नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. खान्देशात ही इंजिनं नवीन नाहीत. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आपण लहानपणी मागच्या फळकुटावर बसून प्रवास केला, त्यातल्या कितीतरी गाड्या याच जातीच्या.

झालं असं. मे महिना. जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे, दुपारी बोनेटवर पापड भाजावा अशी परिस्थिती. सकाळी गाडी चालू केली की इंजिनातून टिक-टिक-टिक-टिक असा आवाज यायचा. पाच-सात मिनिटं गाडी चालली की आवाज गायब. मी म्हटलं, टॅपेट. जुनी गाडी आहे, वाजणारच. एका गॅरेजमध्ये दाखवलं, त्यांनीही टॅपेट म्हणूनच सेटिंग केलं. आवाज तसाच. परत गेलो. तेव्हा ते म्हणाले, मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय. संध्याकाळपर्यंत बदलून दिलं. आवाज बंद झाला, मी खूश. दीड महिन्यात आवाज पुन्हा सुरू. या वेळी मी दुर्लक्ष केलं. खोटं कशाला बोलू, मला तो आवाज थोडा आवडायलाही लागला होता. जुन्या जीपचा रुबाब वगैरे.

श्रावणात तोरणमाळला निघालो. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि माझा भाऊ. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळं, तिथून पुढे शहाद्याकडे. शहाद्याच्या पुढे सातपुडा सुरू झाला आणि पाऊस धरला. आम्ही टपाचं कापड चारी बाजूंनी घट्ट लावून घेतलं. मुलगी मागे बसलेली. घाटात ती म्हणाली, डोकं दुखतंय. मग उलटी झाली. आम्ही सगळेच म्हणालो, घाट लागला. आवळासुपारी दिली, खिडकीकडे बस म्हटलं, गाडी चालवत राहिलो. वर पोचलो, यशवंत तलावाकाठी मोकळ्या हवेत अर्धा तास फिरली आणि पोरगी ठणठणीत.

उतरताना मधे एका वळणावर दरड आली होती. तिथे वीस-पंचवीस मिनिटं गाड्या उभ्या. पाऊस चालू, म्हणून इंजिन चालू ठेवलं, वायपर चालू, कापड बंद. आणि मुलगी पुन्हा म्हणाली, डोकं दुखतंय, मळमळतंय. मी म्हटलं, घाट आहे बाळा. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गाडी उभी आहे. उभ्या गाडीत घाट कसा लागेल?"

मंडळी, त्या एका वाक्याने मला घाम फुटला. मी इंजिन बंद केलं, सगळी कापडं वर केली, तिला छत्रीखाली बाहेर उभं केलं. पाच-दहा मिनिटांत ती बरी वाटायला लागली. भावाने बोनेट उघडलं. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, जिथे ते हेडला चिकटतं तिथे, काळ्या काजळीचा पंखा उमटला होता. त्याच्या बरोबर मागे इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा. त्या पत्र्यात वायरिंगची आणि पेडलची भोकं, आणि त्यांची रबरं कधीच गळून पडलेली.

आता हे का झालं ते समजून घेऊ, कारण ते समजलं की काम कसं करायचं हे आपोआप कळतं.

गाडी चालू असते तेव्हा समोरून वारा येतो, बराचसा धूर खालून निघून जातो. उभ्या गाडीत तसं होत नाही. रेडिएटरचा पंखा हवा मागे ढकलतो, ती गरम इंजिनावरून थेट त्या पत्र्यावर आदळते आणि भोकांतून आत शिरते. वर आम्ही चारी बाजू बंद केलेल्या. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण त्यात डोळे आणि घसा चुरचुरवणारे, डोकं दुखवणारे बाकीचे वायू भरपूर असतात. आणि तुमची जुनी जीप पेट्रोलची असेल, तर जास्तच सावध राहा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. पेट्रोलच्या गाडीत वास आला नाही म्हणून धूर नाही असं समजू नका. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भराभर चालतो, म्हणून त्यांना त्रास आधी होतो. आमच्या गाडीतही तिलाच आधी झाला, आम्ही तिघं मोठे नुसते सुस्तावलो होतो. ते सुस्तावणंही आम्ही जेवणाच्या खात्यावर टाकलं होतं.

घरी येताना कापडं उघडी ठेवून, भिजत आलो. धुळ्यात भावाच्या ओळखीचे एक जुने मिस्तरी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी त्यांच्याकडे. मी सवयीने म्हटलं, "आप्पा, टॅपेटसारखा आवाज आहे." त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "हाऊ टॅपेटना आवाज नही शे भो."

त्यांना कसं कळलं? हे तुम्हीही करू शकता. टॅपेटचा आवाज इंजिन गरम झालं म्हणून असा पूर्ण गायब होत नाही. गॅस्केटचा आवाज होतो, कारण लोखंड तापलं की फुगतं आणि फट मिटते. दुसरं, गॅस्केटचा आवाज गाडीवर जोर आला की वाढतो. तिसरं, रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचा, एक टोक कानाशी, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेकडेने फिरवायचं. जिथे गळती तिथे कानात फट-फट असा मार बसतो. नळी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. अंगावर लोंबणारा पंचा, ओढणी, बाह्या आधी आवरून घ्या. चौथं, थंड इंजिन चालू केल्या केल्या साबणाचं पाणी जोडावर शिंपडा, बुडबुडे दिसतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे डोळे उघडे ठेवून काजळी शोधा. काजळी खोटं बोलत नाही.

मी आप्पांना म्हटलं, दीड महिन्यापूर्वीच नवं गॅस्केट टाकलंय, मग परत कसं गेलं? आप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांनी मला बोनेटजवळ उभं केलं, भावाला आत बसवून इंजिन बंद-चालू करायला लावलं. प्रत्येक वेळी चालू-बंद होताना इंजिन एका बाजूला इतकं झुकत होतं की मला धडकी भरली. डाव्या बाजूचं इंजिन फाउंडेशनचं रबर फाटलं होतं. शिवाय सायलेन्सरचा पहिला ब्रॅकेट तुटून पाइप नुसता लोंबत होता. म्हणजे इंजिन हलतंय, पाइप चेसिसला अडकलाय, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत मधे बिचारं मॅनिफोल्ड. आप्पा म्हणाले, "इंजिन हाली राहिनं, गॅस्केट काय करी?"

या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गॅस्केट क्वचितच आपणहून खराब होतं. ते फाटलं की शोधायचं, त्याला कोणी फाडलं. फाउंडेशन, सायलेन्सरचे ब्रॅकेट, वाकलेलं मॅनिफोल्ड, ढिला किंवा तुटलेला स्टड, मॅनिफोल्डला गेलेला तडा. या पाचातलं एक तरी निघतंच. कारण तसंच ठेवून नवं गॅस्केट टाकलं तर दीड-दोन महिन्यांची सोय होते, माझी झाली तशी.

आता उष्णतेचं गणित. बिडाचं लोखंड प्रत्येक अंशाला लांबीच्या साधारण दहा लाखांत अकरा भाग इतकं वाढतं. मॅनिफोल्ड साधारण अर्धा मीटर लांब धरा. घाटात, भार असताना, त्याचं तापमान ४०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. हिशेब केलात तर ते दोन मिलिमीटरहून जास्त लांब होतं. आणि ज्या हेडला ते बांधलंय त्या हेडमधून पाणी फिरतं, ते ९०-१०० अंशांच्या आसपास. त्याची वाढ अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या आत. म्हणजे दर वेळी गाडी तापली की मॅनिफोल्डला हेडवर दीडेक मिलिमीटर सरकायचं असतं, आणि थंड झालं की परत जागेवर यायचं असतं. म्हणून टोकाकडची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. म्हणून बहुतेक वेळा टोकाचाच स्टड तुटतो. आणि म्हणूनच नट जीव खाऊन आवळणं हा उपाय नाही. मॅनिफोल्डला सरकूच दिलं नाही तर ते वाकतं, नाहीतर तडकतं.

आता प्रत्यक्ष काम. मी आप्पांच्या शेजारी दीड दिवस बसून पाहिलं, निम्मं हाताने केलं.

पहिली गोष्ट, घाई. मला त्याच संध्याकाळी जळगावला परतायचं होतं. आप्पा म्हणाले, "तू काबर घाई करी राहिना?" त्यांनी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. घरी करणार असाल तर दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी, इंजिन कोमट असताना, तेल मारत राहा. तापलेल्या मॅनिफोल्डवर मारू नका, धूर होतो आणि पेटूही शकतं.

सकाळी बॅटरीची तार काढली. एअर क्लीनरची नळी आणि आड येणारं सगळं सोडवलं. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच नटाखाली असतात. तसं असेल तर दोन्ही काढावी लागतात आणि गॅस्केटही जोडच घ्यावं लागतं. आधी फोटो काढून ठेवा. मग खालचा सायलेन्सर पाइप सोडवायचा, नाहीतर मॅनिफोल्ड सुटताना सगळा भार त्याच्यावर येतो.

नटाला सहा बाजूंचा सॉकेट किंवा रिंग पाना लावायचा, उघडा पाना नको, कोपरे गोल होतात. नट थोडा सुटला की लगेच पूर्ण सोडवत सुटू नका. पाव फेरा सोडवा, पुन्हा थोडा आवळा, तेल, पुन्हा सोडवा. मागे-पुढे, मागे-पुढे. ऐकला नाही तर गॅसने नट तापवा. स्टड नव्हे, नट. नट फुगतो आणि पकड सुटते. आजूबाजूला डिझेलची नळी, वायर असेल तर आधी बाजूला करा, आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा.

एवढं करूनही मागचा एक नट काढताना मला जाणवलं की पाना फारच सहज फिरतोय. स्टड तुटला. माझ्याच हातून. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. त्याच्या शेजारच्या भोकात स्टडच नव्हता. आधीच्या कामात तो तुटलेला असणार, आणि त्या जागी सिलिकॉन पेस्ट भरून वर नुसता बोल्टचा माथा बसवला होता. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जागेवर. मला राग आला. आप्पांनी शांतपणे ती पेस्ट खरवडली, एवढंच.

तुटलेला स्टड काढायची त्यांची पद्धत अशी. स्टडचा थोडा भाग बाहेर असेल, तर त्यावर एक मोठा नट ठेवायचा आणि नटाच्या आतून वेल्डिंगने दोन्ही जोडायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो आणि पाना लावायला नवा नट मिळतो. थंड होऊ द्यायचं आणि हळूहळू फिरवायचं. माझा स्टड दुसऱ्या प्रयत्नात निघाला. स्टड आतच, पातळीच्या खाली तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलपासून सुरू करावं लागतं. इथे आपल्याला जमत नसेल तर थांबा. ड्रिल मध्यापासून ढळलं की हेडचे आटे जातात, आणि स्टड काढायचं साधन आत तुटलं तर ते इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यात चालत नाही. लेथवाल्याकडे जाण्यात कमीपणा नाही. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल बसवून नवे आटे करता येतात.

मॅनिफोल्ड निघालं की आधी पोर्टमध्ये कापडाचे बोळे घाला. आणि बोळे मोजा. आम्ही चार घातले, आप्पांनी भिंतीवर खडूने चार लिहिलं. काम संपल्यावर चार बाहेर आले की मगच पुढे. काजळीचा कडक खडा किंवा कापडाचा तुकडा व्हॉल्व्हपाशी गेला तर गॅस्केटच्या कामाचं इंजिनाचं काम होतं.

जुनं गॅस्केट खरवडताना एक सांभाळा. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची बारीक धूळ फुफ्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी गंभीर आजार होतात. म्हणून कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाणी शिंपडून ओलं करा, मास्क लावा, पटाशीने खरवडा, कचरा ओल्या कागदात बांधून टाका. आप्पांना हे मी सांगितलं. ते हसले, पण पाणी शिंपडलं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर लोखंडी पटाशी फार जपून, ओरखडा पडला की तिथूनच पुढची गळती.

मग मॅनिफोल्डची तपासणी. सपाट लोखंडी पट्टी सगळ्या पोर्टांवर आडवी ठेवायची आणि खाली फिलर गेजची पानं घालून बघायची. माझ्या मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला पट्टीखालून जाड पान सहज आत गेलं. म्हणजे मॅनिफोल्ड वाकलेलं. ते लेथवाल्याकडे नेऊन फेस करून आणलं. सांगताना एवढं सांगा की सगळी पोर्टं एकाच पातळीत, एकाच वेळी घ्या. आणि लागेल तेवढंच घासा. तडा बघायला आप्पांची युक्ती: मॅनिफोल्ड स्वच्छ करून त्यावर रॉकेल फिरवायचं, पुसून कोरडं करायचं, वरून खडूची पूड. तडा असेल तर आतलं रॉकेल पुडीत झिरपतं आणि रेघ उठून दिसते. हे उघड्यावर, आगीपासून लांब. आणि मॅनिफोल्ड पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

नवं गॅस्केट आणलं की पाकीट फोडून आधी हेडवर धरून बघा. सगळी भोकं जुळतात का, गॅस्केटचा काठ पोर्टाच्या आत डोकावतो का. जुन्या गाड्यांसाठी एकाच नावाखाली दोन-तीन जातींची गॅस्केटं मिळतात. आणि बसवताना कोरडं बसवा. एक्झॉस्टच्या जोडाला साधी सिलिकॉन पेस्ट लावू नका. त्या तापमानाला ती जळून जाते, आणि जळाली की तिच्याच जाडीची फट राहते. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

स्टड नवे टाकले, आट्यांना उष्णता सहन करणारं तांब्याचं ग्रीस, आणि नट पितळी. पितळी नट लोखंडी स्टडवर गंजून चिकटत नाही, पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःचे आभार मानाल. सगळे नट आधी हाताने. मग मधल्यापासून सुरुवात, एकदा इकडे एकदा तिकडे करत टोकांकडे. तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात आहे, तोच घ्या, मित्राने सांगितलेला नको. मग खालचा पाइप जोडा. पाइप मॅनिफोल्डपाशी आपणहून आला पाहिजे. ओढून, पहार लावून आणावा लागत असेल तर तो ताण कायम गॅस्केटवर राहणार.

फाउंडेशनची दोन्ही रबरं बदलली. सायलेन्सरचा ब्रॅकेट नवा केला. आणि आप्पा विसरले होते ते मी स्वतः केलं. केबिनच्या पत्र्यातल्या एकूण एक भोकाला नवं रबर बसवलं, गिअर लिव्हरच्या बुडाचं फाटकं कव्हरसुद्धा बदललं. कारण गळती पुन्हा कधीतरी होऊ शकते. ती झाली तरी धूर आत येता कामा नये.

इंजिन चालू केलं. सुरुवातीला थोडा धूर आला, तो तेलाचा आणि ग्रीसचा. तो दहा-पंधरा मिनिटांत जातो, गेला नाही तर बंद करून बघा. टिक-टिक नाही. दोन-तीनशे किलोमीटर चालवून, इंजिन पूर्ण थंड असताना नट पुन्हा एकदा पाहिले, दोन थोडे बसले होते. काही गॅस्केटांना हे लागतं, काहींना नको असतं. पुस्तक बघा.

आपल्या ऑफ-रोडवाल्या दोस्तांना एक शेवटची सूचना. घाट चढून तापलेली गाडी लगेच नदीत घालू नका. पावसाळ्यात पांझरा, अनेर, गिरणेच्या पात्रात फोटोसाठी उडी मारायची हौस मलाही आहे. पण चारशे अंशांच्या बिडावर एकदम गार पाणी पडलं की ते तडकू शकतं. काठावर दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग उतरा. आणि पाण्यात मुळात उतरावं का, हे आधी काठीने खोली मोजून ठरवा.

त्यानंतर दिवाळीत पुन्हा तोरणमाळला गेलो. टपाचं कापड मुद्दाम बंद ठेवलं, आणि घाटात एका रुंद जागी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं. पाच मिनिटं. मागे मुलगी नव्हती, मी स्वतः बसलो होतो. वास नाही, डोळे चुरचुरले नाहीत. मग पुढे बसलेल्या मुलीला विचारलं, मागे बसतेस का? ती म्हणाली, आधी कापड उघडा. मी उघडलं. तिचा विश्वास बसायला वेळ लागेल आणि तिचं बरोबर आहे.

तेव्हा उद्या सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, बोनेट उघडून चालू करा आणि फक्त एक मिनिट ऐका. आणि मागे बसलेलं कोणी डोकं दुखतंय म्हणालं, तर घाटाला दोष देण्याआधी गाडी थांबवा आणि खाली उतरा.

पुढच्या भागात भेटू. तोवर राम राम.